एका वेळी एक



ज्या गुरुजींच्या स्मरणासाठी आपण दरवर्षी सांगवीत या व्याख्यानमालेला जमतो, त्यांनी आम्ही सातवीत असताना आम्हाला दुधाचा एक थेंब दाखवला होता. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच, आणि आम्ही बेचाळीस पोरं. गुरुजींनी भिंतीकडेनं रांग लावली. एकानं डोळा लावायचा, मनात दहापर्यंत अंक म्हणायचे आणि बाजूला व्हायचं. ढकलाढकली झाली की काच हलायची, थेंब पसरायचा, आणि गुरुजी न चिडता नवा थेंब घेऊन पहिल्यापासून सुरू करायचे. माझी पाळी आली तेव्हा मला पांढरं काहीच दिसलं नाही. स्वच्छ पाण्यात लहानमोठे गोळे तरंगत होते, शेकड्यांनी. मी विचारलं, "गुरुजी, हे किती असतील?" ते म्हणाले, "मोजून सांग."

मी साठपर्यंत गेलो आणि चुकलो. पुढं आयुष्याची पंचवीस वर्षं मी त्याच प्रश्नात घालवली. डोळ्यांना न दिसणारे कण मोजायचे, ओळखायचे, आणि त्यासाठी केसाएवढ्या वाटा कोरलेली उपकरणं आखायची, हे माझं काम. इंग्रजीत त्या शास्त्राला मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. मी त्याला बारीक पाटाचं शास्त्र म्हणतो. वर नीरा डावा कालवा आणि खाली नदी, या दोहोंच्या मधल्या गावात पाटापेक्षा चांगला शब्द कुठून आणायचा? आज मी दुधाबद्दलच बोलणार आहे, कारण आपल्या दुधात एक गोष्ट मोजायची राहून गेली आहे.

सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर आपण कॅन घेऊन जातो. तिथलं यंत्र मिनिटाभरात फॅट आणि एसएनएफ सांगतं, त्यावर भाव ठरतो. फॅट कमी लागली की घरी येऊन पेंडीचा हिशोब होतो. पण दुधात कासेतून उतरलेल्या पेशीही असतात. त्यात बहुतेक पांढऱ्या रक्तपेशी, थोड्या कासेच्या अस्तराच्या. निरोगी गाईच्या एक मिलिलिटर दुधात त्या साधारण एक लाखाच्या आत असतात. आकडा दोन लाखांच्या वर गेला की एखाद्या सडात जंतू शिरलेत असं समजायचं. गाय चारा खाते, दूध पांढरंशुभ्र दिसतं, कासेला सूज नसते, हात लावला तर ती लाथ मारत नाही. आपण ज्याला दगडी म्हणतो, ती अजून दिसायला लागलेली नसते. दिसायला लागते तेव्हा सड जायची वेळ आलेली असते.

युरोपात कच्च्या दुधासाठी पेशींची मर्यादा मिलिलिटरला चार लाख आहे, अमेरिकेत साडेसात लाख. पण हे आकडे एकत्र केलेल्या दुधाचे आहेत, आणि एकत्र दूध आजार लपवतं. दहा गाईंचा गोठा घ्या. नऊ गाईंच्या दुधात एक-एक लाख पेशी, दहावीच्या दुधात वीस लाख. सगळ्या सारखंच दूध देतात असं धरलं, तर कॅनमधला आकडा येतो दोन लाख नव्वद हजार. युरोपच्या कसोटीला हे दूध पास. दहावी गाय मात्र आजारी आहे, आणि तिच्यासाठी त्या दिवशी कुणी काही करत नाही. एका गाईच्या चार सडांतही हेच. तीन सडांत पन्नास-पन्नास हजार आणि चौथ्यात दहा लाख असले, तरी चरवीतली सरासरी तीन लाखांच्या आत राहते. त्यामुळे मोजायचं तर गाईगणिक, आणि खरं तर सडागणिक. प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र केंद्राला परवडत नाही, आणि परवडलं तरी प्रत्येक सडाची बाटली तिथवर पोचवणार कोण? यंत्रच गोठ्यापाशी यायला हवं.

आता मोजणं म्हणजे काय ते बघू. सर्वांत जुना मार्ग डोळ्यांचा. काचेवर एक मिलिमीटर बाजूचा चौकोन आखायचा, वर ०.१ मिलिमीटर उंचीवर दुसरी काच ठेवायची, मधल्या जागेत थेंब सोडायचा आणि मोजायचं. रक्त तपासणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या असंच मोजलं. मिलिलिटरला दोन लाख पेशी असतील, तर अशा एका चौकोनात वीस येतील. पण वीस हा आकडा विश्वासाचा नाही. विखुरलेल्या गोष्टी मोजताना आकड्याच्या वर्गमुळाएवढी चूक निसर्गतःच होते. विसाचं वर्गमूळ साडेचारच्या आसपास, म्हणजे चूक बावीस टक्के. चारशे मोजल्या तर चूक वीस, म्हणजे पाच टक्क्यांवर येते. दोन लाखांच्या दुधात चारशे पेशी मिळायला किती दूध लागेल? दोन मायक्रोलिटर. एका थेंबाचा पंचविसावा भाग. माल थोडा लागतो, मोजणी मात्र भरपूर लागते. बारीक पाटाचं महत्त्व इथंच आहे.

यंत्रानं मोजायची युक्ती वॉलेस कोल्टर या अमेरिकन माणसाची. १९१३ साली लिटल रॉकमध्ये जन्मलेल्या या इंजिनिअरनं शिकागोत, घराच्या तळघरात, हे काम केलं. मीठ घातलेल्या पाण्याची दोन भांडी घ्यायची, मधल्या पडद्याला एक बारीक भोक ठेवायचं आणि दोन्हीकडून विजेचा हलका प्रवाह द्यायचा. खाऱ्या पाण्यातून वीज जाते, पेशीतून जात नाही. त्यामुळे पेशी भोकातून जाताना तेवढा वेळ विजेची वाट अडते आणि एक टोचा उमटतो. टोचे मोजले की पेशी मोजल्या, आणि टोच्याची उंची बघितली की पेशीचं आकारमानही कळलं. त्याचं पहिलं भोक सिगारेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक कागदाला तापलेल्या सुईनं पाडलेलं होतं, असं सांगतात. १९५३ च्या ऑक्टोबरात त्याला पेटंट मिळालं. आज कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये रक्ताचा रिपोर्ट काही मिनिटांत येतो, त्याच्या मुळाशी हे भोक आहे.

मग हेच भोक चिपवर, म्हणजे बारीक वाटांच्या लहानशा पट्टीवर, कोरावं आणि त्यातून दूध सोडावं, एवढं सोपं आहे का? मलाही तसंच वाटलं होतं. पेशीचा व्यास दहा मायक्रॉन धरा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भोक पन्नास मायक्रॉन रुंद आणि शंभर लांब ठेवलं, तर पेशी जाताना विजेच्या विरोधात फक्त ०.४ टक्के फरक पडतो. शेजारी पाण्याची मोटर सुरू झाली तरी तो टोचा गोंधळात बुडेल. भोक पंचवीस मायक्रॉन रुंद आणि पन्नास लांब केलं की फरक ३.२ टक्के होतो, आठपट. म्हणून वाट अरुंद हवी. पण अरुंद वाटेला अचूकपणाही तेवढाच लागतो. पंचविसाचं सव्वीस झालं, तर टोचा साडेसात टक्क्यांनी खाली येतो. साचा करणाऱ्या कारागिराच्या हातून एक मायक्रॉन सुटला की आपली पेशी आकारानं लहान ठरते. म्हणून प्रत्येक चिपमधून आधी ठरलेल्या मापाचे प्लास्टिकचे मणी सोडायचे आणि त्यांच्या टोच्यावरून बाकीचं माप लावायचं. तराजू वापरण्याआधी वजनं तपासून घेतात, तसंच हे.

खरी अडचण पुढं आहे. गुरुजींनी दाखवलेले ते गोळे आठवा. गाईच्या दुधात चार टक्के फॅट असते आणि ती गोळ्यांच्या रूपात तरंगते. गोळ्याचा सरासरी व्यास तीन मायक्रॉन धरला, तर एका मिलिलिटरला सुमारे तीन अब्ज गोळे होतात. एका पेशीमागं पंधरा हजार गोळे! माझ्या त्या पंचवीस मायक्रॉनच्या भोकात कुठल्याही क्षणी सत्तर-बहात्तर गोळे एकदम असणार. वीज त्यांच्यातूनही जात नाही. आणि त्यांतले मोठे गोळे आठ-दहा मायक्रॉनचे, म्हणजे पेशीएवढेच. टोचा पेशीचा की लोण्याचा, हे वीज सांगूच शकत नाही.

पाणी घालून पातळ करू? हजारपट पातळ केलं, तर गोळे एकेकटे जातील. पण पेशीही हजारपट विरळ होतील, मिलिलिटरला दोनशे. चारशे मोजायला दोन मिलिलिटर सोडावे लागतील. या भोकातून मिनिटाला दहा मायक्रोलिटर या वेगानं ते जायला तीन तास वीस मिनिटं लागतात. न पातळ केलेल्या दुधाला हेच काम बारा सेकंदांचं होतं. तीन तासांत टँकर निघून गेलेला असतो. मग फिरवून गोळे वेगळे काढू? तेही करून बघितलं. दूध यंत्रात फिरवलं की पेशी तळाला बसतात खऱ्या, पण सगळ्या नाही. त्यांतल्या बऱ्याच सायीला चिकटून वर जातात, आणि तेवढा आकडा खोटा होतो. जुन्या काळी कोल्टरच्या यंत्रावर दूध मोजायचे, तेव्हा पेशी फॉर्मॅलिननं कडक करून मग रसायनानं फॅट विरघळवत असत. प्रयोगशाळेत ते चाललं. पण फॉर्मॅलिन गोठ्यात, लेकराबाळांच्या हाताशी ठेवायला मी कुणाला सांगणार नाही.

इथं मी दोन वर्षं अडलो होतो. भोक किती बारीक करता येईल याच विचारात होतो. काय मोजायचं नाही, हे कसं ठरवायचं, तिकडं लक्षच गेलं नाही. वाट दाखवली ती एका जुन्या साध्या चाचणीनं. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती केलेली आहे. चार खळग्यांची प्लास्टिकची तबकडी घ्यायची, प्रत्येक सडाची धार वेगळ्या खळग्यात, वर द्रावण ओतून हलवायचं. दूध शेंबडासारखं घट्ट झालं तर तो सड आजारी. कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, १९५७ पासूनची. धुण्याच्या पावडरीच्या तीन टक्के द्रावणानंही असाच अंदाज येतो. पण ते घट्ट कशानं होतं? साबण पेशीचं कवच फोडतो, आतला डीएनए बाहेर येतो आणि त्याच्या लांबच लांब धाग्यांनी दुधाची लापशी होते. चरबीच्या गोळ्यात डीएनए नाही. सायीच्या अब्जावधी गोळ्यांतून पेशी वेगळी ओळखायची खूण ही, आणि आपल्या बायका ती तबकडीत रोज बघत होत्या.

मग विजेऐवजी उजेड. दूध चाळीस अंशांपर्यंत कोमट करायचं, म्हणजे चरबी पातळ होते. त्यात डीएनएला चिकटणारा रंग मिसळायचा, आणि एका रंगाचा उजेड टाकून दुसऱ्या रंगाची चमक बघायची. गोळे कितीही असोत, ते अंधारात राहतात. पेशीचं केंद्रक तेवढं चमकतं. मोठ्या प्रयोगशाळांतली पेशीमोजणीची यंत्रं याच तत्त्वावर चालतात. आमचं काम ते तत्त्व हातावर मावेल एवढ्या चिपमध्ये उतरवायचं.

हे उतरवताना पाण्याचा एक स्वभाव आड येतो. कालव्याचं पाणी बघा. दोन मीटर खोल, सेकंदाला मीटरभर वेग, त्यात भोवरे, उसळ्या. गढूळ ओढा मिळाला की दहा पावलांत सगळं एकजीव. मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्सनं १८८३ मध्ये नळीत रंगाची धार सोडून हा स्वभाव मोजायची रीत घालून दिली. त्याचा अंक दोन हजारांच्या आसपास गेला की नळीतलं पाणी खळबळू लागतं. कालव्यासाठी हा अंक वीस लाखांवर जातो. पन्नास मायक्रॉनच्या पाटात, सेकंदाला एक सेंटिमीटर वेगानं, तो येतो अर्धा. तिथं भोवरा उठतच नाही. दूध आणि रंग शेजारी-शेजारी सोडले, तर दोन धारा मधाच्या धारांसारख्या लगटून चालत राहतात. मिसळतात ते फक्त रेणू आपापले सरकतात तेवढ्यानं. पन्नास मायक्रॉन रुंदी पार करायला रंगाच्या रेणूला तीन सेकंद लागतात, आणि तेवढ्यात दूध तीन सेंटिमीटर पुढं गेलेलं असतं. म्हणून चिपवर तीन सेंटिमीटरची वाट नागमोडी गुंडाळून बसवायची.

ही नागमोड तुम्ही बघितलेली आहे. ठिबकचा जुना ड्रिपर कापून बघा, आतही दातेरी वळणांची वाट असते. तिथं वळणं पाण्याला आदळून दाब मारतात, म्हणून नळीच्या पहिल्या टोकाला आणि शेवटच्या टोकाला थेंब जवळपास सारखे पडतात. आमच्या वाटेत आदळणं नाही, वळणं फक्त जागा वाचवतात. दिसायला दोन्ही सारखी, कामं उलट. आकृती बघून आराखडा उचलणाऱ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी हे दोन नमुने शेजारी ठेवून दाखवतो.

या न खळबळणाऱ्या स्वभावाचा एक मोठा फायदाही आहे. दूध मधून सोडायचं आणि दोन्ही बाजूंनी स्वच्छ पाणी जरा जोरानं सोडायचं. भोवरा नसल्यानं पाणी दुधात घुसत नाही, ते दुधाची धार दोन्हीकडून दाबत नेतं. धार एवढी बारीक होते की पेशी एकामागून एक, रांगेनं जातात. वाट रुंदच राहते, त्यामुळे तुंबत नाही, आणि धार तेवढी अरुंद होते. क्रॉसलंड-टेलरनं ही रीत १९५३ साली मांडली, कोल्टरला पेटंट मिळालं त्याच वर्षी. मला ती आजवरच्या सगळ्या युक्त्यांत सर्वांत सुंदर वाटते. पाण्याच्याच भिंती घालून पाण्याचा पाट केला!

आपल्याकडं याचं एक मोठं काम सुरू आहे, आणि त्याचं फळ सांगवीच्या गोठ्यांतही पोचलं आहे. कालवडच व्हावी म्हणून डॉक्टर जी कांडी भरतात, ती. वळूच्या वीर्यात कालवड देणारे आणि गोऱ्हा देणारे शुक्राणू निम्मे-निम्मे असतात. त्यांच्यात फरक एवढाच की कालवडीच्या शुक्राणूत डीएनए ३.८ टक्के जास्त. अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या लॉरेन्स जॉन्सन यांनी १९८९ मध्ये दाखवलं की डीएनएला चिकटणारा रंग देऊन, चमकेतला हा फरक बघून शुक्राणू वेगळे करता येतात. आपल्या जिल्ह्यात उरुळीकांचनला, मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उभ्या केलेल्या बाएफमध्ये अशा कांड्या तयार होतात. आणि सांगली जिल्ह्यात भिलवडीला, चितळे आणि जीनस एबीएस या कंपन्यांच्या केंद्रात, या कामासाठी जी पद्धत आली तिच्या पोटात हीच आपली चिप आहे. बाजूच्या पाण्यानं दाबलेल्या धारेतून शुक्राणू एकेक करून जातात. त्यांचं डोकं सपाट असतं, फळीसारखं. कडेनं बघितलं तर चमक जास्त, पाठीवरून बघितलं तर कमी. आडव्या-तिडव्या शुक्राणूच्या चमकेत तीन-चार टक्क्यांचा फरक हरवूनच जातो. म्हणून पाटाची घडण अशी करावी लागते की प्रत्येक शुक्राणू एकाच बाजूला वळून उजेडासमोर यावा. मग नको असलेल्याला दुसऱ्या लेसरनं मारायचं, आणि सगळ्यांनाच वाहू द्यायचं. मेलेला शुक्राणू गर्भ धरवत नाही. वेगळं करायची खटपटच ठेवली नाही. काय करायचं नाही, हे ज्यांना नीट कळलं, त्यांनीच हे केलं.

मुंबईच्या आयआयटीत देबजानी पॉल यांच्या गटानं अशाच बारीक वाटा सिकलसेलच्या तपासणीसाठी वापरल्या आहेत. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांत या आजाराचं ओझं किती आहे ते तुम्ही जाणता. कामाचा विषय आपल्या माणसांतून उचलला, हे मला त्यात महत्त्वाचं वाटतं.

आता चिप करायची कशी, हे थोडक्यात. सिलिकॉनच्या चकतीवर वाटांची उठावदार आकृती करून घ्यायची, त्यावर पीडीएमएस नावाचं सिलिकॉन रबर, दहा भाग मूळ आणि एक भाग घट्ट करणारं, मिसळून ओतायचं, भट्टीत तापवायचं, सोलून काढायचं आणि काचेवर चिकटवायचं. हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटानं १९९८ च्या सुमारास ही रीत रूढ केली, आणि साध्या खोलीत बसून चिप करता येऊ लागली. विद्यार्थ्यांना शिकवायला ती उत्तम. पण सांगवीच्या केंद्रावर रोज शंभर नमुने येणार असतील, तर चिप बाटलीच्या झाकणासारखी साच्यातून पडली पाहिजे. रबराची चिप हजारांनी होत नाही. माझ्या अनेक सहकाऱ्यांचे शोधनिबंध रबराच्या चिपवर थांबतात, आणि याचं मला वाईट वाटतं. आराखडा करतानाच साच्यातून प्लास्टिक कसं सुटेल, कडा किती कललेली हवी, झाकण कसं बसेल हे धरलं नाही, तर ते उपकरण गावापर्यंत कधीच येत नाही.

आणि गावात आलं की तुंबतं. आमची पहिली चिप मी इथंच एका नातलगांच्या गोठ्यात आणली होती. चार मिनिटं चालली आणि वाट बंद. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर एक केस, वैरणीचा भुगा आणि सडाची सालपटं. प्रयोगशाळेत आम्ही पिशवीतलं दूध वापरत होतो. ते गाळलेलं आणि दाबाखाली गोळे फोडलेलं असतं. गोठ्यातल्या दुधाची आम्हाला ओळखच नव्हती. त्यावर इलाज सुचवला तो माझ्या चुलत्यांनी. ते म्हणाले, "ठिबकला आधी वाळूचा फिल्टर, मग जाळीचा. एकदम बारीक जाळी लावली तर दर तासाला धुवावी लागते." खरंच होतं ते. ठिबकच्या जाळीला साधारण एकशेतीस मायक्रॉनचं छिद्र असतं, ड्रिपरच्या वाटेच्या बरंच खाली. आम्ही तसंच केलं. चिपच्या तोंडाशी खांबांच्या तीन ओळी, शंभर, साठ आणि तीस मायक्रॉनच्या फटींच्या, आणि प्रत्येक ओळ पुढच्या वाटेपेक्षा खूप रुंद पसरलेली. निम्म्या फटी बुजल्या तरी दूध बाकीच्या निम्म्यांतून जातं. त्यानंतर एका चिपवर एक नमुना नीट पार पडू लागला.

म्हशीच्या दुधाचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, तेही सांगतो. त्यात फॅट सहा-सात टक्के, गोळेही मोठे. चाळीस अंशांवरही धार दाट राहते आणि चमक मंदावते. वाट वेगळी आखावी लागेल, बाजूच्या पाण्याचा जोर वाढवावा लागेल. ते काम चालू आहे.

एक शेवटची गोष्ट चिपच्या बाहेरची. पहिल्या दोन-तीन धारांत सडाच्या टोकाशी साठलेल्या पेशी आणि घाण असते. त्या बाजूला काढल्या नाहीत, तर कितीही चांगल्या चिपला चुकीचं दूध मिळेल. सड कोरड्या फडक्यानं पुसायचा, पहिल्या धारा वेगळ्या भांड्यात सोडायच्या, मग प्रत्येक सडाची बाटली वेगळी. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा, असा क्रम कायम ठेवायचा आणि बाटलीवर खडूनं लिहायचं. ही कामं ज्या हातांनी होतात ते बहुतेक बायकांचे आहेत, आणि मोजणीचं यंत्रही त्यांच्याच हाती दिलं जावं अशी माझी इच्छा आहे.

उद्या पहाटे साडेपाचला आमच्या गोठ्यात मी चार गाईंच्या सोळा बाटल्या घेणार आहे. चिपा बरोबर आणल्या आहेत, तबकडी आणि द्रावणही आहे, दोन्ही शेजारी ठेवून बघू. ज्यांना यायचं आहे त्यांनी जरूर या, आणि येताना आपल्या गाईच्या चार बाटल्या आणा. रांगेनं एकेक बघू.